वीकेंडचा आकडा मागा, पण सेंटरवार मागा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. तुमचा छोटा मराठी सिनेमा शुक्रवारी लागला, बघून आलेले लोक मनापासून चांगलं बोलताहेत, पण शो मिळाले ते सकाळी साडेनऊचे आणि दुपारी पावणेचारचे. शनिवारी संध्याकाळपासून तेही उतरायला लागले. वितरकाच्या ऑफिसातून एवढंच कळवलं की 'वीकेंड ठीक गेला, नंतर बोलू'. तुमचा प्रश्न असा की 'ठीक' म्हणजे किती, आणि दुसऱ्या आठवड्यासाठी आता काही करता येईल का.

येईल, पण आज आणि उद्या. पुढच्या शुक्रवारचं प्रोग्रामिंग, म्हणजे कुठल्या पडद्यावर कुठला सिनेमा किती वाजता हे ठरवणं, साधारण सोमवारी सुरू होतं आणि बुधवारपर्यंत बरंचसं ठरून जातं. 'नंतर बोलू' मधला 'नंतर' गुरुवारी उजाडला तर बोलण्यासारखं काही उरत नाही.

आधीच सांगतो, मी वितरक नाही, सीए नाही. काही वर्षांपूर्वी एका छोट्या मराठी सिनेमात सहनिर्माता होतो आणि प्रदर्शनाचं काम माझ्याकडे होतं, त्या अनुभवावर लिहितोय. तुमच्या करारात काय आहे ते मला माहीत नाही, तेव्हा पैशांबद्दलचं प्रत्येक वाक्य करार समोर ठेवून ताडून बघा.

पैशाचं थोडक्यात. पोस्टरवर छापतात तो आकडा बहुतेक वेळा ग्रॉस, म्हणजे करासकट तिकिटविक्रीचा असतो. दोनशे रुपयांच्या तिकिटातून १८ टक्के जीएसटी वजा केला की साधारण १६९ रुपये उरतात, ते नेट. (शंभर किंवा त्याखालच्या तिकिटावर आधी १२ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे.) मल्टिप्लेक्सशी पहिल्या आठवड्याला वाटा साधारण निम्मा, म्हणजे पंच्याऐंशीच्या आत-बाहेर रुपये शेअर. त्यातून वितरकाचं कमिशन, पडद्यागणिक लागणारे डिजिटल प्रिंटचे म्हणजे व्हीपीएफचे पैसे आणि वितरकाने केलेला खर्च वजा होणार. बुकिंग अ‍ॅप तिकिटाखेरीज जे वेगळं शुल्क घेतं ते या हिशेबात येतच नाही. म्हणजे कोणी 'एक कोटीचा वीकेंड' म्हटलं तर शेअर बेचाळीस लाखांच्या आसपास धरा, आणि हातात येणारी रक्कम त्याहून बरीच कमी.

पण तुमच्यासाठी आज एकूण आकडा फारसा महत्त्वाचा नाही. महत्त्वाचं आहे ते कुठल्या गावात, कुठल्या पडद्यावर, कुठल्या वेळेला, किती खुर्च्यांपैकी किती तिकिटं गेली. यालाच सेंटरवार शीट म्हणतात. आणि आमची माती झाली ती नेमकी याच कागदावर.

आमचा सिनेमा ज्या ऑफिसने लावला त्याचं नाव लिहीत नाही, इथल्या अनेकांना कळेलच. आम्हाला शो-लिस्ट बुधवारी मिळणार होती. आली गुरुवारी संध्याकाळी, तीही निम्म्या थिएटरांसमोर वेळेचा रकाना कोरा ठेवून. बुकिंग उघडलं रात्री उशिरा. नाशिकच्या दोन पडद्यांचं तर शुक्रवारी सकाळी, पहिला शो सुरू व्हायच्या जेमतेम आधी. आता विचार करा, बुकिंगच उघडलं नव्हतं तर अ‍ॅडव्हान्स, म्हणजे आगाऊ तिकिटविक्री, कुठून येणार? आणि शुक्रवारी संध्याकाळी मल्टिप्लेक्सच्या प्रोग्रामिंगवाल्यांनी काय पाहिलं? अ‍ॅडव्हान्स शून्य. त्यांनी शनिवारचे संध्याकाळचे शो काढून त्याच आठवड्याच्या हिंदी सिनेमाला दिले. मी त्यांना दोष देणार नाही, त्यांच्यासमोर तेवढंच दिसत होतं.

फोन केला की प्रोग्रामिंगवाले म्हणायचे, 'तुमच्या वितरकाने मागितलेच नाहीत.' वितरकाचं ऑफिस म्हणायचं, 'आम्ही मागितले, त्यांनी दिले नाहीत.' मेलची कॉपी दाखवा म्हटलं तर साहेब मीटिंगमध्ये. शनिवारी ठाण्यात लोक तिकिटं हातात घेऊन उभे होते आणि काउंटरवर त्यांना 'तांत्रिक अडचण' सांगून पैसे परत दिले. ते लोक परत आले नाहीत. का यावेत? सुट्टीच्या दिवशी कुटुंब घेऊन, रिक्षाचे पैसे घालून आलेला माणूस दुसऱ्यांदा तोच धोका पत्करत नाही.

सेंटरवार शीट मी शुक्रवारी रात्रीपासून मागत होतो. मिळाली तेव्हा सिनेमा उतरून तीन आठवडे झाले होते. ती एक्सेल अजून माझ्याकडे आहे. डोंबिवलीतल्या एका पडद्याची ओळ: शनिवार, १२.१५ चा शो, हॉल १९६ खुर्च्यांचा, तिकिटं १५२. पुढचा रकाना रविवारचा, आणि तिथे शोच नाही. त्याच पानावर खाली दक्षिण मुंबईतल्या एका मॉलची ओळ: शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही दिवस रात्री दहाचा शो, तिकिटं ४, ७ आणि ६. हा शो कोणी उतरवला नाही, कारण तिथे त्या वेळेला दुसरं कोणी मागतच नव्हतं. ही एक ओळ शनिवारी दुपारी आमच्या हातात असती तर दहाचा शो सोडून रविवारचा डोंबिवलीचा मागता आला असता. वितरकाकडे ही माहिती दर रात्री येते. रोजच्या कलेक्शनचा रिपोर्ट, डीसीआर म्हणतात तो, त्यांच्या मेलबॉक्समध्ये असतो. ती निर्मात्याला पाठवायला एक बटण दाबावं लागतं. ते दाबलं गेलं नाही याचा राग मला आजही येतो, कारण त्या सिनेमावर ज्यांनी दोन-दोन वर्षं घातली त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की प्रेक्षक आलाच नाही. प्रेक्षक आला होता. डोंबिवलीत आला होता.

म्हणून आत्ता पहिली गोष्ट: फोन करू नका, मेल करा. शुक्रवार ते रविवार, सेंटरवार, शोवार, हॉलच्या क्षमतेसकट शीट आज संध्याकाळपर्यंत द्यावी, असं स्पष्ट लिहा. करारात हिशेब दाखवण्याचं कलम असेलच, त्याचा क्रमांक घाला. दिग्दर्शक आणि सगळे सहनिर्माते सीसीमध्ये ठेवा. मोठे शब्द वापरू नका, धमकी नको. मुंबईचा आकडा, पुण्याचा आकडा असा गोळाबेरीज कागद पाठवतील, तो आला तरी थांबू नका, तो उपयोगाचा नाही.

शीट येईपर्यंत बुकिंग अ‍ॅपवर बसा. प्रत्येक शोचा सीट-लेआउट उघडून शो सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी स्क्रीनशॉट घ्या. काउंटरवरची विक्रीही बहुतेक ठिकाणी त्यातच दिसते. काही गावांत मित्र-नातेवाईक असतील, त्यांना कामाला लावा. कंटाळवाणं काम आहे, पण वितरकाशी बोलताना तुमच्याकडे स्वतःचा आकडा असणं याला फार किंमत आहे.

दुसरी गोष्ट थोडी उलटी वाटेल. शो वाढवून मागू नका. स्वतःहून सोडून द्या. तुमच्याकडे आत्ता साठ-सत्तर शो असतील तर त्यातले सकाळचे आणि आडबाजूचे तुम्हीच परत करा, आणि बदल्यात दहा-बाराच मागा, पण संध्याकाळी सहा ते साडेसातच्या मधले, आणि शीटमध्ये जिथे खुर्च्या भरल्या तिथलेच. डोंबिवली, ठाणे, कोथरूड, चिंचवड, नाशिक, जिथे तुमचा प्रेक्षक आहे तिथे. आठवडाभर वेळ बदलायची नाही, ही अट घाला. आपला प्रेक्षक शो शोधत फिरत नाही. 'अमुक ठिकाणी रोज साडेसहाला आहे' असं शेजारणीला सांगता आलं पाहिजे. शिवाय पडदे कमी झाले की व्हीपीएफही कमी लागतं, हा फायदा वेगळाच.

मागताना एक मुद्दा जरूर वापरा. मल्टिप्लेक्सचा प्रचलित करार उतरत्या वाट्याचा असतो: वितरकाला पहिल्या आठवड्याला ५० टक्के, मग ४२.५, ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे तुमचा सिनेमा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भरला तर थिएटरवाल्याला नव्या सिनेमापेक्षा जास्त सुटतं. प्रोग्रामिंगवाल्याला हे माहीत असतंच, पण तुम्ही खुर्च्यांच्या आकड्यासकट समोर मांडलं तर संभाषण विनवणीवरून व्यवहारावर येतं.

तिसरं, शुक्रवारच्या आकड्याने खचू नका. मराठी सिनेमाचा शुक्रवार हा कामाचा दिवस असतो. 'दशावतार' सप्टेंबर २०२५ मध्ये शुक्रवारी साठ लाखांच्या आसपास होता, रविवारी दोन कोटींच्या वर गेला. 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला लागला, त्याचा दुसरा वीकेंड पहिल्याच्या जवळपास दुप्पट झाला, कारण बायका ठरवून, गट करून दुसऱ्या आठवड्यात आल्या. अर्थात दोन्हींच्या मागे शो टिकवून धरणारी ताकद होती, ती तुमच्या-माझ्यामागे नाही, त्यामुळे 'आपलंही तसंच होईल' असं मी म्हणणार नाही. एवढंच बघा: शुक्रवारपेक्षा रविवारी प्रत्येक शोमागे तिकिटं वाढली का, आणि आजच्या सोमवारी ती शुक्रवारच्या निम्म्याच्या वर आहेत का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर दुसऱ्या आठवड्यासाठी भांडण्यात अर्थ आहे. नसेल तर, वाईट वाटेल पण सांगतो, उरलेला पैसा होर्डिंगवर घालू नका.

तुमच्या पोस्टखाली एकाने सुचवलंय की स्वतःच तिकिटं काढून दोन-चार हॉल भरा म्हणजे प्रोग्रामिंगवाले शो ठेवतील. कृपा करून करू नका. वरचाच हिशेब लावा: दोनशे रुपये घालून पंच्याऐंशी परत येतात, तेही कमिशन कापून आणि काही महिन्यांनी. आणि पुढच्या शोची अ‍ॅडव्हान्स शून्यच राहते. तेवढेच पैसे एखाद्या महिला मंडळाला किंवा सोसायटीला गटाच्या तिकिटात सवलत देण्यावर घाला. निदान खुर्चीत माणूस बसतो आणि घरी जाऊन बोलतो.

दुसऱ्या एकाने पक्षाच्या शाखेत जा म्हटलंय. याबद्दल माझं मत इथे अनेकांना आवडणार नाही. पडद्यांवरून झालेली भांडणं मी जवळून पाहिली आहेत. २०१३ मध्ये 'चेन्नई एक्स्प्रेस'साठी 'दुनियादारी' उतरवायला निघाले तेव्हा मनसेने इशारा दिला आणि सिनेमा टिकला. पण तो तोवर तीन आठवडे गर्दीत चालत होता, लोकांना हवाच होता. जुलै २०२५ मध्ये 'सैयारा'च्या लाटेत 'येरे येरे पैसा ३' चे शो गेले, तेव्हाही आवाज उठला. आवाज उठायलाच हवा, मराठी सिनेमाला महाराष्ट्रात संध्याकाळचा पडदा मागावा लागतो ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण एकट्या छोट्या निर्मात्याने आंदोलनाच्या भरवशावर राहू नये. त्या दबावातून मिळालेला शो दोन दिवसांत पुन्हा सकाळी साडेनऊवर सरकतो, आणि पुढच्या सिनेमाच्या वेळी तोच प्रोग्रामिंगवाला तुमचा फोन उचलत नाही.

नियमाचंही तसंच. एप्रिल २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला संध्याकाळी ६ ते ९ ची वेळ द्यायचं जाहीर केलं, मग वाद झाला आणि ते दुपारी १२ ते रात्री ९ असं झालं. तुमचा पावणेचारचा शो त्यात अगदी व्यवस्थित बसतो. कामावर जाणारा माणूस पावणेचारला सिनेमाला कसा येणार, याचं उत्तर त्या नियमात नाही. माझं स्पष्ट मत आहे की वेळेची खिडकी एवढी रुंद ठेवून मराठी सिनेमाचं काहीच भलं झालं नाही.

जाता जाता एक: तालुक्याच्या गावातली सिंगल स्क्रीन विसरू नका. 'सैराट'च्या वेळी रहिमतपूरला रात्री बाराचा आणि पहाटे तीनचा शो लावावा लागला होता. तसं दरवेळी होत नाही, पण सिंगल स्क्रीनचा मालक समोर बसून बोलतो, एका फोनवर वेळ ठरवतो आणि आठवडाभर पाळतो. भाड्याने घ्यायची की टक्क्यावर, हे मात्र नीट विचारून ठरवा. दुसऱ्या आठवड्यात भाडं अंगावर घेऊ नका, टक्काच बरा. तुमच्या कथेचं गाव कुठलं ते पोस्टमध्ये नाही, पण तिथल्या आसपास थिएटर असेल तर आजच फोन करा.

शीट आली की थिएटरांची नावं झाकून इथे टाका, किंवा मला व्यनि (खाजगी निरोप) करा. कुठले शो सोडायचे आणि कुठले मागायचे ते ओळीने बघून सांगतो. इथे वितरणात काम केलेले अजून दोघे-तिघे आहेत, तेही बघतील. फक्त उद्या रात्रीपर्यंत टाका, म्हणजे बुधवारी सकाळी तुमचा मेल प्रोग्रामिंगकडे पोचलेला असेल.