राजकीय भ्रष्टाचार रोखण्यात अमेरिका आणि युरोप यांच्यात नेमका फरक काय?

ढोबळमानाने सांगायचं तर अमेरिका लाच पकडण्यावर भर देते, तर फ्रान्ससारखे देश पैसा राजकारणात शिरतानाच अडवू पाहतात.

फ्रान्समध्ये 1995 पासून कंपन्यांना उमेदवाराला देणगी देता येत नाही. व्यक्तीलाही एका निवडणुकीत जास्तीत जास्त 4,600 युरो देता येतात. खर्चालाही मर्यादा आहे. 2012 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात ती सुमारे 2.25 कोटी युरो होती. सार्कोझींच्या प्रचाराने जवळपास दुप्पट खर्च केला आणि त्याबद्दल माजी राष्ट्राध्यक्ष दोषी ठरले. अमेरिकेत अशी सक्तीची खर्चमर्यादा सुप्रीम कोर्टाने 1976 मध्येच रद्द केली. 2010 मध्ये कंपन्यांना स्वतंत्र प्रचारावर, म्हणजे उमेदवाराशी संगनमत न करता केलेल्या प्रचारावर, हवा तेवढा खर्च करायची मुभाही मिळाली.

लाचेच्या बाबतीत अमेरिकी तपासयंत्रणा खमकी आहे, हे मान्यच करायला हवं. सिनेटर मेनेंडेझना 2025 मध्ये 11 वर्षांची शिक्षा झाली. पण कोर्टाने लाचेची व्याख्याच आवळली आहे. व्हर्जिनियाचे गव्हर्नर मॅकडॉनेल यांना एका उद्योजकाने रोलेक्स घड्याळ दिलं, मुलीच्या लग्नातल्या जेवणासाठी 15,000 डॉलर दिले. ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं, पण 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ती शिक्षा रद्द केली. का, तर लाच ठरायला पैशाच्या बदल्यात 'अधिकृत कृत्य' लागतं, आणि नुसती बैठक घडवून आणणं हे तसं कृत्य नव्हे! मला हा निकाल घातक वाटतो, कारण ओळख आणि प्रवेश हाच तर खरा विकाऊ माल असतो.

अर्थात सगळा युरोप फ्रान्ससारखा नाही. 2021 मध्ये युरोपीय संघाच्या निधीतल्या गैरव्यवहारांचा तपास करणारं युरोपीय सरकारी वकील कार्यालय सुरू झालं, तेव्हा हंगेरी त्यापासून दूरच राहिला.