मला दिसते ते त्याला दिसत नाही

‘माणूस आमचाच आहे, त्याच्यात काय गुण आहेत ते आम्हांला लख्ख दिसतात, पण त्यालाच ते दिसत नाहीत; मग आम्ही करायचे तरी काय?’ हा प्रश्न माझ्याकडे कधी आई मुलीबद्दल घेऊन येते, कधी नवरा बायकोबद्दल, तर कधी मुलगा नुकत्याच निवृत्त झालेल्या वडिलांबद्दल. विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते आणि तिच्याखाली थोडा रागही दडलेला असतो. या प्रश्नाचे उत्तर मी एका बहीणभावाच्या प्रकरणातून देते आहे. त्यासाठी दोघांचीही परवानगी घेतली असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भाऊ ३१ वर्षांचा, एका विमा कंपनीत दाव्यांची कागदपत्रे तपासणारा. बहीण त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. पहिल्या भेटीत तिने बसण्याआधीच पिशवीतून एक जुनी चित्रकलेची वही काढून माझ्यासमोर ठेवली. भाऊ बारा वर्षांचा असताना काढलेली ती चित्रे होती, आणि ती खरोखरच चांगली होती. “हात बघा त्याचा,” ती म्हणाली, “आणि आता हा हात दिवसभर शिक्के मारतो.” गेल्या वर्षभरात तिने त्याला वेगवेगळ्या अभ्यासक्रमांच्या चौदा जाहिराती पाठवल्या होत्या. त्याने एकीलाही उत्तर दिले नव्हते आणि अलीकडे तो तिचा फोनही टाळू लागला होता.

अशा वेळी मी सर्वांत आधी एक गोष्ट विचारून घेते, ती म्हणजे त्या माणसाची झोप, भूक आणि एकूण उमेद. ज्याला दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नाही, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या आहेत, त्याच्यासमोर करिअरचा विषय काढणे व्यर्थ असते. तिथे आधी नैराश्याची तपासणी करून घ्यावी लागते. येथे तसे काही नव्हते. भाऊ मित्रांमध्ये मिसळत होता, आजारी आईचे सगळे करत होता, फक्त बहिणीने कामाचा विषय काढला की गप्प होत होता.

यानंतर मी एक चूक केली, ती सांगितली पाहिजे. बहिणीच्या आग्रहाला मान देऊन मी त्याला कल चाचणीसाठी बोलावले. तो आला, पण बॅग मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसला. “ताईने पाठवलं म्हणून आलो,” हे त्याचे पहिले वाक्य होते. जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार माणसांच्या आवडींचे आणि कामाच्या ठिकाणांचे सहा गट पडतात: अवजारे-यंत्रांवरचे काम, शोध घेण्याचे काम, कलानिर्मिती, माणसांना शिकवणे व मदत करणे, इतरांचे मन वळवून त्यांना पुढे नेणे, आणि नोंदी-आकडेवारीचे नेटके काम. त्याच धर्तीच्या त्या चाचणीत भावाची सर्वाधिक ओढ माणसांना मदत करण्याकडे आणि त्याखालोखाल नेटक्या नोंदींकडे दिसली. कला तिसऱ्या क्रमांकावर राहिली. बहिणीला हा निकाल अजिबात पटला नाही. भावाने तो घडी घालून खिशात ठेवला आणि पुढच्या भेटीला तो आलाच नाही.

चाचणी चुकीची नव्हती. ती चुकीच्या वेळी घेतली गेली. अशी चाचणी आवड मोजते, क्षमता मोजत नाही, हे मी दोघांना समजावून सांगितले होते, तरी मुख्य अडचण वेगळीच होती. आपल्या निवडीच्या स्वातंत्र्यावर कोणी गदा आणते आहे असे वाटले की ते स्वातंत्र्य राखण्यासाठी माणूस नेमके उलट वागू पाहतो, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेहम यांनी १९६६ मध्ये मांडले. चौदा जाहिरातींनंतर माझी चाचणी त्याच्या लेखी पंधरावी जाहिरात ठरली होती.

म्हणून पुढच्या भेटीत मी बहिणीशी तिच्याबद्दलच बोलायचे ठरवले. ही वही तुम्ही एकोणीस वर्षे का जपली, असे मी विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. वडील अकस्मात गेले तेव्हा ती वीस वर्षांची होती. शिक्षण अर्ध्यावर सोडून तिने नोकरी धरली, ती भावाला मनासारखे शिकता यावे म्हणून. “तो शिक्के मारत बसला, तर मी कशासाठी सोडलं सगळं?” असे ती म्हणाली आणि लगेच, “हे त्याला सांगू नका,” असेही म्हणाली. आपल्या माणसाच्या गुणांविषयीच्या कळकळीत आपला जुना हिशेब मिसळलेला असणे यात लाजण्यासारखे काही नाही. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा असतोच. मात्र समोरच्याला तो हिशेब न सांगताही जाणवतो, आणि कौतुकाचे शब्द त्याला थकलेल्या कर्जाच्या तगाद्यासारखे ऐकू येतात.

मग मी तिला एक काम दिले. तीन आठवडे सल्ला पूर्ण बंद ठेवायचा आणि एका छोट्या वहीत भावाविषयी तीनच गोष्टी लिहायच्या: लोक त्याच्याकडे कशासाठी येतात, काय करताना त्याला वेळेचे भान राहत नाही, आणि कोणी न सांगता तो काय करतो. अट एकच, की नोंदीत विशेषण नको. पहिल्या आठवड्यात तिने लिहून आणले, ‘आईला औषधांबद्दल फार हुशारीने समजावले.’ मी ‘फार हुशारीने’ खोडले आणि विचारले, “म्हणजे नेमके काय केले?” तिला सांगता येईना. ती घरी गेली आणि तिने आईच्या पलंगाशेजारी चिकटवलेला कागद पहिल्यांदा नीट पाहिला.

आईला रुग्णालयातून सोडताना रोजच्या सात गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि तिचा गोंधळ होत होता. भावाने एका कागदावर सूर्य उगवताना, माथ्यावर, मावळताना आणि मग चंद्र अशी चार चित्रे काढून प्रत्येकाखाली त्या वेळच्या गोळ्या खऱ्या आकाराच्या व रंगाच्या काढल्या होत्या. दोन गोळ्या पांढऱ्या आणि गोल, दिसायला सारख्याच होत्या. पण एकीच्या मधोमध बारीक खाच होती, म्हणून त्याने चित्रात ती रेघ मुद्दाम जाड केली होती. आई चष्म्याशिवाय तो कागद वाचत होती आणि कोणाला काही विचारेनाशी झाली होती. फेरतपासणीच्या वेळी परिचारिकेने त्याचा फोटो काढून घेतला होता, हेही बहिणीला तेव्हाच कळले.

दुसऱ्या आठवड्याच्या नोंदीत त्याचे फोनवरचे बोलणे होते. दावा अडकलेल्या कोणा वृद्ध बाईंना तो सांगत होता, “काकू, तिसरं पान काढा. वरून दुसरी चौकट. तिथे तुमचं नाही, यजमानांचं नाव हवं.” फोन वीस मिनिटे चालला, आणि कामाची वेळ तर केव्हाच संपली होती. तिसऱ्या आठवड्यात असे आढळले की कार्यालयात नवीन येणारे लोक शंका घेऊन साहेबांकडे जाण्याऐवजी त्याच्याच टेबलाशी येतात.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये स्वतःच्या ओळखीचे चार चौकटींचे एक सोपे चित्र मांडले, आणि दोघांच्या नावांवरून ते ‘जोहारी खिडकी’ म्हणून ओळखले जाते. तिच्यातील एका चौकटीत आपल्याविषयीचे जे इतरांना दिसते पण आपल्याला दिसत नाही, ते असते. या चौकटीत फक्त दोष असतात असा समज आहे, पण माझ्या पाहण्यात तिथे गुणच अधिक सापडतात. जे सहज जमते त्याला कष्ट पडत नाहीत, आणि जिथे कष्ट नाहीत तिथे आपण काही विशेष केले असे माणसाला वाटतच नाही. ‘त्यात काय एवढं, कोणीही केलं असतं,’ हे वाक्य मी ऐकते तेव्हा कान टवकारते. या प्रकरणात ती आंधळी चौकट दोघांची होती. भावाला स्वतःचा गुण दिसत नव्हता, आणि बहीण बारा वर्षांच्या मुलाच्या चित्रांकडे इतकी एकटक पाहत होती की एकतीस वर्षांच्या भावाची रेघ तिच्या नजरेतून सुटली होती.

आता हे त्याला सांगायचे कसे? ‘तुझ्यात केवढी कला आहे’ हे त्याने लहानपणापासून ऐकले होते आणि त्याचा उपयोग शून्य होता, कारण मोघम कौतुक खरे की खोटे हे तपासता येत नाही. ते फक्त मान्य करावे लागते किंवा नाकारावे लागते. म्हणून आम्ही एकाच प्रश्नाची तालीम केली. तिने एका संध्याकाळी त्याला विचारले, “त्या दोन पांढऱ्या गोळ्यांतला फरक तुझ्या कसा लक्षात आला?” आणि ती गप्प बसली. हे गप्प बसणे तिला फार जड गेले, असे तिने नंतर मला सांगितले. भाऊ पाऊण तास बोलला. आधीचे तीन कागद त्याने फाडून टाकले होते, कारण प्रत्येक वेळी आई कुठेतरी चुकत होती आणि तिचे कुठे चुकते ते तो शेजारी बसून पाहत होता. बोलता बोलता तो म्हणाला, की अर्जात एक चौकट चुकली म्हणून परत जाणारी माणसे बघवत नाहीत.

दोन महिन्यांनी तो स्वतःहून माझ्याकडे आला आणि बॅग बाजूला ठेवून बसला. नोकरी सोडण्याचा विषय त्याच्या मनात नव्हता आणि मीही तो काढला नाही. एमी झेस्न्येव्स्की आणि जेन डटन या कामाच्या ठिकाणच्या वर्तनाच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये मांडले, की पद तेच ठेवूनही माणसे आपल्या कामातील कृती, संबंध आणि त्या कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलून ते काम आतून घडवत असतात. आम्ही तेवढाच विचार केला. त्याने दावेदारांसाठी एक पानी चित्रमय सूचनापत्र तयार केले. वरिष्ठांनी ते खणात टाकले आणि चार महिने तसेच ठेवले. पुढे नव्या कर्मचाऱ्यांना शिकवण्यासाठी काही हवे होते तेव्हा ते बाहेर निघाले, आणि आता ते प्रशिक्षण त्याच्याकडे आहे. पगार वाढलेला नाही, शिक्केही थांबलेले नाहीत. हे तो तक्रारीच्या सुरात सांगत नाही, पण मी ते लपवू इच्छित नाही.

याच काळात त्याने गुंतागुंतीची माहिती चित्रांतून सोपी करून मांडण्याचा एक अभ्यासक्रम संध्याकाळच्या वेळेत सुरू केला. बहिणीने मला फोन करून सांगितले, की तिच्या चौदा जाहिरातींतील नववी नेमकी याच अभ्यासक्रमाची होती. “हे त्याला सांगू का?” तिने विचारले. सांगू नका, अशी मी विनंती केली. तिने ती पाळली, निदान हे प्रकरण लिहिण्यासाठी मी दोघांची परवानगी मागेपर्यंत तरी. कळल्यावर तो खूप हसला म्हणे.

शेवटच्या भेटीत तिने ती चित्रकलेची वही पुन्हा आणली होती. ती त्याला परत द्यावी का, हा तिचा प्रश्न होता. देऊन पाहा, पण देताना काही बोलू नका, असे मी म्हणाले. त्याने पाने उलटली, एका घोड्याच्या पायाकडे बोट दाखवून “हा चुकलाय,” एवढेच म्हटले आणि वही तिला परत दिली. “तुझ्याकडेच राहू दे, ताई. लागली तर मागेन.” अजून त्याने मागितलेली नाही.