पिलोच्या देखभालीला आठवड्याचे तीन तास द्यायचे असतील, तर कुठून सुरुवात करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पायथन चांगलं येतं, सी वाचता येतं, आठवड्याला दोन-तीन तास मोकळे आहेत, पिलो या मोफत ग्राफिक्स लायब्ररीच्या देखभालीत हातभार लावायचा तर काय करावं, आणि त्यासाठी नवं फीचरच लिहावं लागतं का?

नव्या फीचरपासून सुरुवात करू नका. फीचर लिहून देणारे येत राहतात. ते एकदा आत घेतलं की पुढची कित्येक वर्षं ते सांभाळायचं काम मात्र मोजक्या स्वयंसेवकांवर पडतं. खरी कमतरता आहे ती तक्रार तपासून, ती दहा ओळींच्या कोडमध्ये पुन्हा घडवून दाखवणाऱ्यांची. तीन तासांत हे काम नीट होतं, आणि त्यातूनच कोडची ओळखही होते.

थोडी पार्श्वभूमी. फ्रेड्रिक लुंड यांच्या पीआयएलची (पायथन इमेजिंग लायब्ररी) शेवटची आवृत्ती १.१.७ ही २००९ ची. २०१० मध्ये तिचा फोर्क (तिच्याच कोडवरून सुरू केलेला वेगळा प्रकल्प) होऊन पिलो उभं राहिलं. इम्पोर्ट करताना नाव अजूनही पीआयएलच लागतं. आवृत्त्या ठरल्या तारखांना येतात: २ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १५ ऑक्टोबर. त्या तारखांच्या आधीचे दोन आठवडे मोठा बदल पुढे करायचे नसतात. त्या काळात मुख्य शाखा स्वतःच्या मशीनवर बांधून आपले जुने प्रोग्राम तिच्यावर चालवून पाहा. आवृत्ती बाहेर पडण्याआधी सापडलेला दोष दुरुस्त करायला सगळ्यात सोपा असतो.

आता तक्रार कशी तपासायची ते. पहिल्यांदा पायथनला एम स्विच देऊन पीआयएल मॉड्यूल चालवल्यावर जो अहवाल छापला जातो, तो तक्रारदाराकडून मागून घ्या. त्यात पिलोची आवृत्ती आणि लिबजेपेग, लिबटिफ, फ्रीटाइप, वेबपी या प्रतिमा आणि फॉन्ट हाताळणाऱ्या लायब्रऱ्यांपैकी काय-काय आहे ते कळतं. पिलो पिपने बसवलं, कोंडाने की लिनक्सच्या पॅकेजमधून, हेही विचारा. पिपच्या व्हीलमध्ये (आधीच बांधून दिलेल्या पॅकेजमध्ये) या लायब्रऱ्या आतच बांधलेल्या असतात, तर लिनक्सचं पॅकेज सिस्टिममधल्या लायब्रऱ्या वापरतं. त्यामुळे एकाच आवृत्तीचं पिलो दोन मशीनवर वेगळं वागू शकतं.

मग मूळ फाइल मागा, आणि ती झिप करूनच. निरोपांच्या अ‍ॅपवरून किंवा फोटोच्या साइटवरून फिरून आलेली प्रतिमा वाटेत पुन्हा कॉम्प्रेस झालेली असते, एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली माहिती) गळालेलं असतं, आणि ज्या बाइटमुळे गडबड होत होती तोच निघून गेलेला असतो. फाइल मिळाली की तक्रारदाराच्या कोडमधलं नमपाय, वेब फ्रेमवर्क वगैरे सगळं काढून टाका. फक्त उघडणं, एक क्रिया आणि जतन करणं एवढं ठेवा. अनेक तक्रारी याच टप्प्यावर सुटतात. काही तर वारंवार येतात. आरजीबीए मोडमधली (रंगांसोबत पारदर्शकताही असलेली) प्रतिमा जेपेगमध्ये जतन होत नाही, कारण जेपेगमध्ये पारदर्शकता नसते. आधी आरजीबीमध्ये बदलावी लागते. फोनवरचा फोटो आडवा दिसतो, कारण दिशा एक्झिफमध्ये लिहिलेली असते. इमेजऑप्समधलं एक्झिफ ट्रान्सपोज वापरायचं. उघडताना चूक येत नाही, नंतर येते, कारण ओपन फक्त हेडर वाचतं आणि पिक्सेल लोडच्या वेळी उलगडतात. मोठ्या प्रतिमेवर डीकंप्रेशन बॉम्बची सूचना येते, कारण मर्यादा ८,९४,७८,४८५ पिक्सेलची आहे, आणि तिच्या दुपटीपलीकडे थेट एरर. अशांना उत्तर देताना कारण सांगा. नुसती तक्रार बंद करून टाकली की माणूस परत येत नाही.

तक्रार खरी निघाली तर दोष कोणत्या आवृत्तीत शिरला ते शोधा. आधी पिपने जुन्या आवृत्त्या एकेक बसवून पट्टा अरुंद करा, मग त्या पट्ट्यात गिट बाइसेक्ट (पट्टा निम्मा-निम्मा करत दोषी कमिट शोधणारं साधन) चालवा. प्रत्येक टप्प्यावर सी कोड पुन्हा बांधावा लागतो. एडिटेबल पद्धतीने बसवलं तरी पायथनचे बदलच लगेच लागू होतात, सीचे नाहीत. हे विसरलं की बाइसेक्ट भलत्याच कमिटवर बोट ठेवतं. दोष लिबटिफसारख्या आतल्या लायब्ररीत असेल तर त्यांच्याच साधनाने ती फाइल उघडून खात्री करा आणि तक्रार तिकडे न्या.

बांधणीतही एक खड्डा आहे. झेडलिब आणि लिबजेपेग नसतील तर बांधणी थांबते, पण वेबपी, फ्रीटाइप, ओपनजेपेग यांच्या डेव्हलपमेंट फाइली नसल्या तर पिलो मुकाट्याने त्यांच्याविना बांधलं जातं. त्यांच्या चाचण्या मग नापास होत नाहीत, नुसत्या वगळल्या जातात, आणि शेवटी सगळं हिरवं दिसतं. म्हणून पायटेस्टला आरएस पर्याय देऊन काय वगळलं आणि का, ते दरवेळी वाचा.

दुरुस्तीसोबत चाचणी द्यावीच लागते. आधी दुरुस्तीशिवाय चाचणी चालवून ती नापास होते हे बघा. जी चाचणी दोष असतानाही पास होते ती कुचकामी. पीएनजीसारख्या ऱ्हासहीन फॉरमॅटला दोन प्रतिमा तंतोतंत समान असल्याची तपासणी लावा. जेपेगमध्ये डीकोडर बदलला की एखाद-दुसरा अंक हलतो, म्हणून तिथे ‘जवळपास समान’वाली तपासणी. तिची एप्सिलॉन मर्यादा चाचणी पास होईल इतकीच, शक्य तेवढी लहान ठेवा. नमुन्याची फाइल काही केबीची असावी आणि ती वाटायचा हक्क तुमच्याकडे असावा. तक्रारदाराचा घरचा फोटो रेपॉझिटरीत टाकू नका. फॉरमॅटिंगचे बदल त्याच कमिटमध्ये मिसळू नका, तपासणाऱ्याला मूळ बदल शोधत बसावं लागतं.

सुरक्षेचा भाग मात्र वेगळ्या शिस्तीचा आहे. २०२० च्या जानेवारीत आलेल्या ६.२.२ मध्ये एसजीआय, पीसीएक्स, एफएलआय या जुन्या फॉरमॅटच्या डीकोडरांतले बफर ओव्हरफ्लो बुजवले गेले. अशा दोषांचं मूळ बहुधा एकच असतं: फाइलीत लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून मेमरीत लिहिणं. सी कोड वाचताना रुंदी, उंची, ओळीची लांबी कुठून आली आणि वापरण्याआधी तपासली का, एवढंच बघत गेलात तरी उपयोग होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपीतला गंभीर दोष उघड झाला तेव्हा पिलोच्या स्वतःच्या कोडमध्ये काही चुकलेलं नव्हतं. पण व्हीलमध्ये लिबवेबपी बांधलेलं असल्यामुळे तिमाहीची वाट न पाहता १५ सप्टेंबरला १०.०.१ काढावं लागलं. असं काही सापडलं तर उघड इश्यू लिहू नका. रेपॉझिटरीतल्या सुरक्षा धोरणात दिलेल्या खासगी वाटेनेच कळवा.

जुलै २०२३ च्या १०.०.० मध्ये अँटिअलियास हे आकार बदलण्याच्या फिल्टरचं नाव आणि मजकुराचं माप देणारं इमेजड्रॉचं टेक्स्टसाइझ काढून टाकलं, आणि असंख्य स्क्रिप्ट बंद पडल्या. आधीच्या आवृत्त्या त्याची सूचना देत होत्या, पण पायथन अशा बऱ्याच सूचना मुळात दाखवत नाही. तुम्ही वापरता त्या दुसऱ्या प्रकल्पांत ही जुनी नावं शोधून तिथे दुरुस्ती पाठवलीत (अँटिअलियासऐवजी लँक्झोस, टेक्स्टसाइझऐवजी टेक्स्टबीबॉक्स किंवा टेक्स्टलेंग्थ), तर तीही पिलोचीच सेवा आहे.

आणि एक काम असं, जे मराठी वाचणाऱ्यालाच नीट जमेल. पिलोला देवनागरी जुळवून काढायला राक्म ही अक्षरं मांडणारी लायब्ररी लागते, आणि राक्मला फ्रिबिडी ही मजकुराची दिशा ठरवणारी लायब्ररी. पिपच्या व्हीलमध्ये राक्म आहे, पण ते फ्रिबिडी चालू मशीनवर शोधतं. विंडोजवर किंवा छोट्या डॉकर इमेजमध्ये ते सापडलं नाही की पिलो साध्या मांडणीवर उतरतं. मग ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटतात, पाय मोडलेली अक्षरं दिसतात, आणि एरर काहीच येत नाही. यावर उपाय म्हणजे मजकूर काढताना लँग्वेज पॅरामीटरला एमआर (मराठीचा भाषा-संकेत) द्या. राक्म नसेल तर तिथेच एरर येते. असेल, आणि फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतील, तर तेही मिळतात. तपासायला ‘किल्ला’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सूर्य’, ‘शक्ती’ हे शब्द पुरेत. दऱ्यामधला अर्धा र आडव्या रेघेसारखा यायला हवा आणि सूर्यमधला रफार यच्या डोक्यावर. काही बिघडलेलं दिसलं तर फॉन्टचं नाव व आवृत्ती, राक्म, हार्फबझ (राक्म जिच्या आधारे अक्षरं जुळवतं ती लायब्ररी) आणि फ्रिबिडीच्या आवृत्त्या, आलेली प्रतिमा, आणि सोबत तोच शब्द त्याच फॉन्टमध्ये हार्फबझच्या एचबी-व्ह्यूने काढलेला, एवढं इश्यूमध्ये द्या. एचबी-व्ह्यूमध्येही तीच चूक असेल तर दोष पिलोचा नाही. फॉन्टच्या किंवा हार्फबझच्या मंडळींकडे जा.