गाडीवरच्या माणसाला फोन करावा का?

कापसाचा हंगाम लागला की एक चिंता हमखास माझ्याकडे येते: घरचा माणूस माल घेऊन गेला, फोन उचलत नाही, जीव खालीवर होतो, आणि आजकाल तो गाडीही वेड्यासारखी चालवतो म्हणतात. राळेगाव तालुक्यातल्या एका ताईंचं हेच होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्यांचे यजमान पिकअपमधून हिंगणघाटला कापूस नेतात. "दारू नाही, काही नाही मॅडम. पण माहा दीर सोबत होता, तो सांगे, समोरची बैलबंडी दादाले दिसलीच नाही. कचकन ब्रेक मारला, अन् मंग रागारागानं ट्रकले ओव्हरटेक केलं. डोक्यात काही झालं का त्यायच्या?"

पुढच्या वेळी दोघं आले. मी दादांना त्या दिवसाचा रस्ता आठवायला लावला. वडकीला हायवेला लागल्याचं आठवत होतं. वर्धा नदीचा पूल कधी गेला, ते आठवेना. मधे काय घडलं? घरून फोन आला होता. कृषी केंद्रवाला उधारीसाठी दारात उभा होता. दादा हेडफोनवर बोलले, हात स्टेअरिंगवरच होते. फोन ठेवला तरी डोक्यात हिशेब चालूच.

ताई खाली मान घालून बसल्या. दोष त्यांचा नव्हता, आणि ते मी त्यांना लगेच सांगितलं.

डोळे रस्त्यावर असले म्हणजे रस्ता दिसतोच असं नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या प्रयोगांत, हात मोकळे ठेवून फोनवर बोलणाऱ्या चालकांच्याही नजरेसमोरच्या गोष्टी निसटल्या. शेजारी बसलेल्याशी बोलणं वेगळं, कारण त्यालाही रस्ता दिसतो आणि अवघड जागी तो गप्प होतो. घरून बोलणाऱ्याला बैलबंडी कुठून दिसणार? ताशी ६० च्या वेगात गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन धरणं कायद्यानं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पण मन कुठे आहे, हे कुठला पोलीस तपासणार?

त्या ओव्हरटेकचंही मला नवल वाटलं नाही. माणूस दचकतो, स्वतःवर चिडतो आणि तो राग ॲक्सिलरेटरवर काढतो. बाहेरच्याला फक्त बेदरकारपणा दिसतो.

"फोन करू नका" एवढं सांगून ताईंचा घोर मिटला नसता. म्हणून फोन दादांनीच करायचा ठरलं: वडकीच्या टपरीवर गाडी उभी करून एकदा, माल उतरल्यावर एकदा. चालवताना फोन सायलेंटवर. उधारी, भांडण, पोरांची फी हे सगळं घरी, जेवण झाल्यावर. उशीर झाला तर ताईंनी अडत्याला विचारायचं. सुरुवातीला त्यांचा हात सारखा फोनकडे जायचा. मग दादांचे फोन ठरल्या जागेवरून येऊ लागले, तसा जीव थाऱ्यावर आला.

फोन बंद ठेवूनही रस्ता आठवत नसेल, रात्र रात्र झोप नसेल, कर्जाच्या विचारानं जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तोवर गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती द्या.