दम लागत नव्हता, तरी फुफ्फुसात गुठळी कशी निघाली?

तुम्ही विचारलंय की मावशींना ताप-खोकला होता, न्यूमोनिया म्हणून चार दिवस उपचार झाले आणि मग सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसात रक्ताची गुठळी निघाली. दम लागत नव्हता, मग हे आधी कुणालाच कसं कळलं नाही?

मी सांगलीत फिजिशियन आहे. कागद पाहिल्याशिवाय तिथे चूक झाली की नाही, हे मी सांगणार नाही. पण हा आजार माझ्याही हातून एकदा निसटलाय.

तासगावकडच्या एक बाई, चाळिशीच्या आतल्या. उजव्या कुशीत कळ. एप्रिलचे दिवस, मुतखड्याचे पेशंट रोज येत होते. सोनोग्राफीत खडा दिसला नाही, तर तो पडून गेला असेल असं धरून मी गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी त्या न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. आणल्या तेव्हा नाडी ११८, ऑक्सिजन ९१. घोटा मोडल्यामुळे पायाला तीन आठवडे प्लास्टर होतं. ते मला आदल्या दिवशीही दिसलं होतं, पण कुशीतल्या कळेशी मी त्याचा संबंध लावला नव्हता.

पायाच्या खोल शिरेत गोठलेलं रक्त सुटतं आणि हृदयातून फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतं. छोटा तुकडा कडेपर्यंत गेला की तिथला भाग मरू शकतो, फुफ्फुसावरचं आवरण सुजतं. हे खाली, श्वासपटलाजवळ (छाती आणि पोटामधल्या पडद्याजवळ) झालं तर कळ कुशीत, पोटात, कधी खांद्यातही येते. वर ताप आणि एक्स-रेवर डाग, म्हणजे हुबेहूब न्यूमोनिया. गुठळी मोठी असेल तर माणूस एकदम कोसळतो. ईसीजी बदलतो, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं ट्रोपोनिन वाढतं, आणि सगळे हार्ट अटॅकच्या मागे लागतात.

मग सगळ्यांचाच सीटी का नाही? त्यात शिरेतून डाय (रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून औषध) द्यावा लागतो, किरणं लागतात, खर्च येतो. डी-डायमरची रक्ततपासणी आहे, गुठळी विरघळताना रक्तात येणारे तुकडे ती मोजते. मुळात शक्यता कमी असेल आणि ती नॉर्मल आली, तर गुठळी नाही असं धरता येतं. वाढलेली आली तर मात्र फारसं कळत नाही, कारण ती तापाने, ऑपरेशनने, गरोदरपणात, नुसत्या वयानेही वाढते.

म्हणून आता मी प्रत्येकाला मागच्या महिन्याभराचं विचारतो. ऑपरेशन, प्लास्टर, अंथरुणावर पडून काढलेले दिवस, एकाच पायाला सूज. बायकांना पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचं नाव घेऊन विचारतो. गौरी-गणपतीला, लग्नसराईत त्या मेडिकलमधून परस्पर आणल्या जातात आणि ‘औषध काही चालू आहे का?’ म्हटलं की उत्तर ‘नाही’ येतं, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. त्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो.

मावशींच्या बाबतीत आता डॉक्टरांना एवढं विचारा, की गुठळी झाली कशामुळे? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या साधारण निदान ३ महिने चालतात. बरं वाटलं म्हणून त्यांना मध्येच बंद करू देऊ नका, आणि दात काढायचा असला तरी या गोळ्या चालू आहेत हे आधी सांगायला लावा.