एस्पेरांतोतला ‘न’ आणि आपली कन्नड

प्रश्न : माझे गाव खानापूर तालुक्यात आहे. घरी आम्ही मराठी बोलतो, कागदपत्रांचे व्यवहार कन्नडमध्ये होतात. निवृत्तीनंतर मी एस्पेरांतो ही आंतरराष्ट्रीय वापरासाठी मुद्दाम रचलेली भाषा शिकू लागलो. नामाच्या शेवटी ‘ओ’, विशेषणाच्या शेवटी ‘आ’, वर्तमानकाळाला ‘आस’, भूतकाळाला ‘इस’ आणि भविष्यकाळाला ‘ओस’ हे लवकर लक्षात आले. मात्र कर्माला लागणारा ‘न’ लिहिताना हमखास राहून जातो. काय करावे?

उत्तर : आपण नियम विसरता असे मला वाटत नाही. वाक्य मनात मराठीत जुळते आणि मराठीत निर्जीव कर्माला बहुधा प्रत्ययच लागत नाही, हे खरे कारण असावे. ‘मुलगा आंबा खातो’ या वाक्यात ‘आंबा’ कर्म असूनही त्याचे रूप कर्त्यासारखेच राहते. भूतकाळात तर ‘मुलाने आंबा खाल्ला’ असे म्हणताना प्रत्यय कर्त्याला लागतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. एस्पेरांतोची रीत निराळी आहे. ‘ला क्नाबो मान्जास मांगोन’ म्हणजे मुलगा आंबा खातो आणि ‘ला क्नाबो मान्जिस मांगोन’ म्हणजे मुलाने आंबा खाल्ला; दोन्ही वाक्यांत कर्त्याला काहीही लागत नाही, ‘न’ आंब्यालाच लागतो आणि क्रियापद लिंग, वचन, पुरुष यांपैकी कशानेही बदलत नाही.

आपल्याला कन्नड येते, तेव्हा या एका बाबतीत मराठी बाजूला ठेवून कन्नडचा आधार घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. ‘हुडुग माविनहण्णन्नु तिन्द’ (मुलाने आंबा खाल्ला) या वाक्यात ‘अन्नु’ जिथे लागतो, तिथेच एस्पेरांतोचा ‘न’ लागतो. बोलताना हा ‘अन्नु’ पुष्कळदा गळतो हे खरे, म्हणून शाळेत शिकवली जाते ती लेखी कन्नड डोळ्यांपुढे ठेवावी.

याचा मोठा उपयोग आपल्या ‘ला’ प्रत्ययाच्या बाबतीत होतो. ‘मी मुलाला पाहिले’ आणि ‘मी मुलाला पुस्तक दिले’ या दोन्ही वाक्यांत मराठी ‘ला’च वापरते, परंतु पहिल्या वाक्यात मुलगा कर्म आहे आणि दुसऱ्यात पुस्तक कर्म असून मुलगा ते घेणारा आहे. ‘ला’ म्हणजे ‘न’ असे समीकरण एकदा मनात बसले की दुसऱ्या वाक्यात चूक ठरलेली. कन्नड मात्र हे दोन संबंध वेगळे ठेवते : ‘हुडुगनन्नु नोडिदे’, पण ‘हुडुगनिगे पुस्तकवन्नु कोट्टे’. एस्पेरांतोतही तसेच आहे : ‘मी विदिस ला क्नाबोन’, पण ‘मी दोनिस लिब्रोन आल ला क्नाबो’. ‘अन्नु’च्या जागी ‘न’ आणि ‘इगे’च्या जागी नामाआधी ‘आल’, एवढे धरून चालावे. (‘मी’ या सर्वनामाचा अर्थ आणि उच्चार आपल्या ‘मी’सारखाच आहे, ही मराठी माणसाची आणखी एक सोय.)

हा आधार सर्वत्र पुरत नाही, हेही सांगायला हवे. ‘मुलगा घरात पळाला’ या मराठी वाक्यावरून तो घरातल्या घरात पळत होता की बाहेरून आत गेला, हे कळत नाही. एस्पेरांतो हा भेद ‘न’नेच दाखवते : ‘एन ला दोमो’ म्हणजे घरामध्ये, आणि ‘एन ला दोमोन’ म्हणजे बाहेरून घरात. इथे ‘अन्नु’चा संबंध नाही, हा गतिदर्शक ‘न’ स्वतंत्रपणेच शिकावा लागतो. विशेषणही नामाबरोबर बदलते. ‘बेला फ्लोरो’ म्हणजे सुंदर फूल, अनेकवचनी ‘बेलाय फ्लोरोय’, आणि ते कर्म झाले की ‘बेलायन फ्लोरोयन’. लिंगाप्रमाणे मात्र विशेषण बदलत नाही.

प्रश्न : मी निपाणीची गृहिणी आहे. व्याकरण वाचून समजते, पण रोजच्या बोलण्यातले शब्द लक्षात राहत नाहीत. ते कोणत्या क्रमाने शिकावेत?

उत्तर : शब्दांची यादी पाठ करण्याआधी शब्द तयार कसे होतात ते शिकावे, कारण एस्पेरांतोचे खरे बळ तिथे आहे. ‘कुइरी’ म्हणजे स्वयंपाक करणे. त्यावरून ‘कुइरेयो’ स्वयंपाकघर आणि ‘कुइरिस्तो’ स्वयंपाकी. ‘त्रांची’ म्हणजे कापणे, म्हणून ‘त्रांचिलो’ सुरी. ‘वेंदी’ म्हणजे विकणे, ‘वेंदेयो’ दुकान. ‘माल’ हा उपसर्ग अर्थ उलटा करतो : ‘वार्मा’ गरम, ‘मालवार्मा’ थंड, ‘मुल्तेकोस्ता’ महाग, ‘मालमुल्तेकोस्ता’ स्वस्त. भाकरीला तयार शब्द शोधत बसू नये. ज्वारी ‘सोर्गो’ आणि पाव ‘पानो’, म्हणून ‘सोर्गा पानो’ म्हटले तर ऐकणाऱ्याला अंदाज येईल.

मग स्वयंपाकघर आणि बाजार घ्यावा : आक्वो पाणी, लाक्तो दूध, तेओ चहा, सालो मीठ, सुकेरो साखर, त्सेपो कांदा, आय्लो लसूण, तेरपोमो बटाटा. कांद्यातला ‘त्स’ आपल्या ‘चोर’मधल्या ‘च’सारखा आणि ‘त्रांची’तला ‘च’ आपल्या ‘चिंच’मधल्यासारखा उच्चारावा. मराठीत हे दोन्ही उच्चार असल्यामुळे आपल्याला त्यासाठी वेगळी मेहनत पडणार नाही. भाजी घेताना ‘किओम कोस्तास ला त्सेपोय?’, म्हणजे कांदे कसे दिले, असे विचारावे आणि ‘मी वोलास उनु किलोग्रामोन दा त्सेपोय’, म्हणजे मला एक किलो कांदे हवेत, असे सांगावे. कर्माचा ‘न’ इथे किलोला लागला आहे. ‘दा’नंतर येणाऱ्या कांद्यांना तो लागत नाही.

संख्या फार सोप्या आहेत. एक ते दहा, शंभर आणि हजार अशा अवघ्या १२ शब्दांवर ९,९९,९९९ पर्यंत मोजता येते. ४७ म्हणजे ‘क्वारदेक सेप’, आधी चाळीस आणि मग सात; कन्नडच्या ‘नलवत्तेळु’मध्येही हाच क्रम आहे, ‘सत्तेचाळीस’मध्ये तो उलटा होतो.

प्रश्नार्थक शब्दांवर मात्र अधिक वेळ द्यावा, कारण त्यांची रचना मराठी माणसाला आपलीच वाटावी अशी आहे. कुठे-तिथे, केव्हा-तेव्हा, कसा-तसा, किती-तितके या जोड्यांत ‘क’ विचारतो आणि ‘त’ दाखवतो. एस्पेरांतोत ‘किए-तिए’, ‘किआम-तिआम’, ‘किआ-तिआ’, ‘किओम-तिओम’ याच क्रमाने येतात. अशा शब्दांचा ४५ घरांचा तक्ता आहे. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावून ठेवावा. आपल्या ‘जेव्हा’, ‘जिथे’मधल्या ‘ज’साठी तिथे वेगळे रूप नाही, ‘क’चेच रूप पुन्हा वापरतात, एवढे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : एस्पेरांतोत आजोबांना आणि लहान मुलाला एकच ‘वी’ म्हणतात, हे मनाला पटत नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक तरी तिथे दाखवता येतो का? (वाचक, बेळगाव)

उत्तर : ‘वी’मध्ये तू, तुम्ही आणि आपण हे तिन्ही सामावतात, त्यामुळे आजोबांना ‘वी’ म्हटल्याने त्यांचा मान कमी होत नाही. विनंती करताना ‘बोन्वोलु’, म्हणजे कृपया, आणि पत्राच्या आरंभी ‘एस्तिमाता सिन्योरो’, म्हणजे आदरणीय महोदय, असे लिहून आदर व्यक्त करता येतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंसाठी ‘नी’ हे एकच सर्वनाम आहे. आजच्या कन्नडमधला ‘नावु’ही दोन्ही अर्थांनी चालतो आणि सीमाभागात आपण तो अडचणीविना वापरतो. ऐकणाऱ्यालाही सामावून घ्यायचे असेल तर ‘नी चिउय’, म्हणजे आपण सगळे, असे म्हणावे. त्याला वगळायचे असेल तर ‘नी सेन वी’, तुमच्यावाचून आम्ही, असे स्पष्ट सांगावे.