एचआयव्हीची लागण विषाणूमुळे होते, मग त्यात संस्कृती आणि स्त्री-पुरुष विषमतेचा संबंध कुठे येतो?

लागण विषाणूमुळेच होते, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्याच्यापासून वाचायचं साधन कोणाच्या हातात असतं, ते बघा. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं एचआयव्ही समुपदेशक होते, तिथलं आधी सांगते.

आमच्याकडे बायका बहुतेक गरोदरपणाच्या तपासणीतून यायच्या. गरोदर बाईची चाचणी होतेच; नवरा आपणहून कशाला करून घेतोय? त्यामुळे घरात पहिला रिपोर्ट तिचा येतो आणि 'हिनंच आणला' हे त्याच दिवशी ठरून जातं. आजार कितीतरी आधी त्याला झालेला असला तरी. विशीतली एक मुलगी मला म्हणाली होती, "मॅडम, मी माहेर आणि सासर सोडून कुठं गेले नाही. मग मला कसा झाला?" तिला उत्तर देताना माझा आवाज फुटेना.

निरोध वापरायला सांग, असं आम्ही सांगायचो. लग्नाच्या बाईनं निरोधाचं नाव काढलं की नवऱ्यावर संशय घेतल्यासारखं होतं, नाहीतर तिच्याच चारित्र्यावर बोट येतं. त्यात वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे ही घाई. मूल हवं असलेल्या घरात निरोध चालणार कसा?

पुण्यात डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रिया तपासल्या होत्या. तो अभ्यास १९९७ साली छापून आला. शरीरविक्रय न करणाऱ्या स्त्रियांमध्येही १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या, आणि त्या गटातल्या बहुतेकींचा संबंध एकाच पुरुषाशी आलेला होता. 'एकनिष्ठ राहा' हा सल्ला त्यांनी पाळलाच होता की!

आफ्रिकेत हेच वेगळ्या रूपात दिसतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत १५ ते २४ वयाच्या मुलींना त्याच वयाच्या मुलांच्या साधारण तिप्पट लागण होते. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतात विषाणूंची जनुकं जुळवून पाहिली, तेव्हा तरुण मुलींना लागण देणारे पुरुष त्यांच्यापेक्षा सरासरी पावणेनऊ वर्षांनी मोठे निघाले. शाळेची फी, घरभाडं, किराणा ज्याच्या पैशातून येतो, त्याला नाही म्हणायचं बळ मुलीनं आणायचं कुठून? बोट्स्वानानं १९९६ मध्ये माध्यमिक शाळेची रचना बदलली. त्यामुळे मुलं जास्त शिकली, आणि शाळेच्या एकेका जादा वर्षामागे लागणीचा धोका सुमारे ८ टक्के-बिंदूंनी, म्हणजे शंभरात आठ जणांनी, कमी झाला. मुलींना त्याचा फायदा जास्त झाला. हा आकडा मला कुठल्याही औषधाइतका मोलाचा वाटतो.

औषधही आता आलं आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात एका चाचणीत २,१३४ तरुणींना लेनाकापाविर हे लागण टाळण्यासाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन दिलं, तिचा निकाल २०२४ मध्ये आला. त्या गटात एकीलाही लागण झाली नाही. ते घ्यायला नवऱ्याची संमती लागत नाही, घरात गोळ्यांची बाटली लपवावी लागत नाही. पण दवाखान्यापर्यंत जायला बसभाडं लागतं, आणि 'कुठं चाललीस?' याचं उत्तरही द्यावं लागतं.

तुमच्या ओळखीत कुणी या पेचात असेल तर १०९७ या नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) मोफत क्रमांकावर फोन करायला सांगा. आणि बायकोचा रिपोर्ट आला असेल तर नवऱ्याची चाचणी त्याच आठवड्यात करून घ्या.